कोल्हापुरातून कॅरव्हॅन घेऊन तळकोकणचा किनारा, घरच्यांसकट कसा करायचा

तारकर्लीला हॉटेल बुक करून सगळेच जातात, त्याला कुणी सांगायची गरज नाही. हे लिहितोय ते झोपायची, स्वयंपाकाची, पाण्याची सोय असलेली गाडी घेऊन, पोरंबाळं आणि आईबाबांसकट विजयदुर्गपासून खाली रेडीपर्यंत समुद्र धरून जायचंय त्यांच्यासाठी. आपली सवय कशी, आधी बघायच्या ठिकाणांची यादी करायची, मग पळत सुटायचं, रात्री नऊला कुठंतरी रूम शोधायची. कॅरव्हॅनला हे चालत नाही ओ. आधी रात्री गाडी कुठं लागणार ते नक्की करा, आणि उजेड असताना, चारच्या आत तिथं पोचा. बघायचं काय ते त्या जागेच्या आजूबाजूला शोधा, कोकणात ते सापडतंच.

गाडी घेताना मोठी घ्यायचा मोह होतो. एसी, टीव्ही, शॉवर, बसएवढी लांब असली कॅरव्हॅन हायवेला लय भारी वाटते पण देवगडच्या पुढं आतल्या रस्त्याला लागलात की दोन्ही बाजूला जांभ्या दगडाचे गडगे, मधनं एक एसटी जाईल एवढाच रस्ता, वरनं फणसाच्या फांद्या नायतर केबलवाल्यांनी लोंबत सोडलेल्या वायरी, आणि समोरनं चिऱ्याचा ट्रक आला की कुणीतरी अर्धा फर्लांग मागं जायचं. ते कुणीतरी तुम्हीच असणार. म्हणून चार-पाच माणसांना ट्रॅव्हलरच्या आकाराची गाडी बास, त्याच्यावर जाऊ नका. निघायच्या आधी टेप घेऊन गाडीची उंची मोजा, टपावर सोलर पॅनेल किंवा कॅरियर असंल तर तेही धरून, आणि तो आकडा कागदावर लिहून स्टेअरिंगसमोर चिकटवा. झाडाखालनं किंवा एखाद्या गावच्या कमानीतनं जाताना आठवत बसायला वेळ नसतो.

भाड्यानं घेताय तर नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, ड्रायव्हरसकट असंल तर पिवळ्या पाटीवर काळी. पांढऱ्या पाटीची ‘मित्राची आहे, देतो म्हणालाय’ असली गाडी भाडं देऊन घेऊ नका, काय झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करणार. आणि उद्यमनगरात ओळखीचा फॅब्रिकेशनवाला आहे, आपण घरच्या गाडीतच बेड ठोकून घेऊया असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी आधी आरटीओत जाऊन या, गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि बदल आरसीवर चढवून घ्यावा लागतो. बेड बसवला तरी गाडी चालू असताना त्यावर कुणी झोपायचं नाही, आजी असू दे नाहीतर नातू, सगळे सीटवर आणि बेल्ट लावून.

घाट

कोल्हापूरहून खाली उतरायला आंबा, अणुस्कुरा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली एवढे घाट आहेत. विजयदुर्गपासून सुरुवात करायची तर फुलेवाडी, कळे, गगनबावडा असं जायचं, गगनबावडा ५५ किलोमीटर, तिथनं करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि मग विजयदुर्ग, सगळं मिळून दीडशेच्या आसपास. गगनबावड्यात चहाला थांबाल तेव्हा टपरीवाल्याला किंवा एसटीच्या ड्रायव्हरला विचारा कुठला घाट बरा आहे आज. दरड आली, काम चालू आहे, हे त्यांना मॅपच्या आधी कळतं. भुईबावडा जास्त अरुंद आहे, मोठी गाडी असंल तर शक्यतो नको. फोंड्यानं जायचं असंल तर दाजीपूरचं जंगल दिवसाउजेडी पार करा, रात्री गवे रस्त्यावर येतात आणि गवा काय हॉर्नला भीत नाही.

पाण्याची टाकी घरातनं भरून निघायची नाही. १०० लिटर म्हणजे १०० किलो, ते वजन घाट उतरताना मागनं ढकलतंय आणि ब्रेक तापतायत, कशाला? पिण्याचे दोन कॅन घ्या, टाकी खाली वैभववाडी-तळेऱ्याला उतरल्यावर भरा. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, सेकंड तर सेकंड, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ब्रेकचा जळका वास आला की बाजूला घेऊन गार होऊ द्या, चाकावर पाणी बिणी मारू नका. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा नियमच आहे.

पोरांना घाटात उलटी होतेच. सकाळी तर्रीदार मिसळ हाणून निघायचं आणि मग गाडी धुवायची, हे आपल्याकडं ठरलेलं. त्यादिवशी मिसळ परतीला ठेवा. दोन घास पोहे, खिशात आवळासुपारी, मोबाईल बंद, नजर लांब बाहेर. गोळी द्यायची असंल तर डॉक्टरला विचारून, घाट सुरू व्हायच्या अर्धा-एक तास आधी, उलटी झाल्यावर देऊन उपयोग नाही.

वाट आणि मुक्काम

विजयदुर्ग, पडेल, जामसंडे-देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण, मग चौक्यावरनं नेरूरपारचा पूल ओलांडून परुळे, तिथनं भोगवे नाहीतर निवती, पुढं म्हापण, वेंगुर्ला, मोचेमाड, शिरोडा, रेडी. नकाशावर बघून वाटतं दोन दिवसाचं काम आहे. दोन दिवसात होतंय पण मग कॅरव्हॅन कशाला घेतली? दिवसाला पन्नास-साठ किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि एका जागी दोन रात्री मिळाल्या तर घ्या. देवबागच्या टोकाला जाऊन समोर भोगवे दिसतंय म्हणून तिकडनं रस्ता असंल असं समजू नका, मधी कर्ली नदी आहे, होडीनं माणूस जातो, गाडी नाही.

राज्य सरकारनं २०२१ ला कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण म्हणून प्रत्येक गावात प्लग आणि नळ लावलेला कॅरव्हॅन पार्क तयार असंल असं धरून निघू नका. सगळ्यात बेस्ट म्हणजे छोट्या होमस्टेचं अंगण. आधी फोन करून सरळ सांगायचं, रूम नको, गाडी लावायला जागा, एक प्लग, टाकीला पाणी आणि संडास-बाथरूम वापरायला द्या, काय ते पैसे सांगा, आणि दोन वेळचं जेवण तुमच्याकडंच. जेवणाचं म्हटलं की बहुतेक जण तयार होतात. आगाऊ ठरलं नसंल तर दुपारीच गावात जाऊन पोलीस पाटील किंवा सरपंचांना गाठा. “खयसून इलात?” म्हणजे कुठनं आलात असं विचारतील, कोल्हापूर म्हटलं की अंबाबाईची चौकशी होते, कुणाची तरी लेक इकडं दिलेली निघते, आणि मग “लावा आमच्या खळ्यात”, म्हणजे अंगणात, असं होऊन जातं. न विचारता देवळाच्या आवारात किंवा कुणाच्या कलमांच्या बागेत गाडी घुसवली तर मात्र कोकणी माणूस जे ऐकवतो ते पोरांसमोर नको.

गाडी लावताना वर बघा. माड असंल तर तिथं नाही. फोटोला भारी दिसतं, पण नारळ पडला तर काच जाते, आणि खाली कोण बसलेलं असंल तर काचेचं सोडाच. होड्या ओढून ठेवलेल्या असतात त्या पट्ट्यातही नको, कारण पहाटे तिथं रापण लागते. रापण एकदा तरी जवळनं बघा, होडीतनं जाळं समुद्रात अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडं माणसं रांगेनं पाय वाळूत रुतवून मागं मागं सरकत ओढतात. जसजसं जाळं जवळ येतं तशा दोन्ही रांगा एकमेकांकडं सरकतात, मग शेवटी जाळ्याचा फुगा वाळूवर येतो आणि आत चांदीसारखी मासळी तडतडत असते. त्यांना विचारून दोराला हात लावला तर नाही म्हणत नाहीत, पोरं आयुष्यभर विसरणार नाहीत. तेवढ्यासाठी आपली गाडी त्यांच्या वाटेत उभी नको एवढंच.

वाळूत गाडी घालायचीच नाही. रीलमध्ये दिसते ती रिकामी जीप असते, तुमची दोन-तीन टन भरलेली गाडी ओल्या वाळूत बसली की भरती यायच्या आत ट्रॅक्टर शोधत फिरा.

भरतीचं गणित पंचांगावरनं येतं, कोळ्यांचा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असंल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. दिवसातनं दोनदा, साधारण साडेबारा तासाच्या फरकानं, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-एक तास इकडंतिकडं होतं, पण कालनिर्णय बघून दिवस ठरवायला एवढं पुरतं. पुनव-अवसेला उधाण, पाणी लांबपर्यंत येतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं कमी उतरतं. पोरांना पाण्यात खेळवायचं तर भांगाचे दिवस बघून निघा. आपण पंचगंगेत पोहलेली माणसं, समुद्रात गुडघाभर पाण्यात ओहोटी कशी आत ओढते ते आपल्याला कळत नाही. ओहोटी लागली की पोरं बाहेर, संगमाच्या तोंडाला कुणीच नाही, आणि गावातला माणूस नको म्हणाला तर वाद घालायचा नाही.

लाईट, बर्फ, गॅस

बॅटरीचा हिशोब कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-अवर, आणि साधी लेड-ॲसिड असंल तर त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे हातात ६००. वीस वॉटचे दोन पंखे रात्रभर आठ तास चालले की ३२० गेले. मोबाईल, दिवे, पाण्याचा पंप आलाच. यात फ्रीज बसत नाही, एसीचं तर नाव काढू नका, तो प्लग मिळंल तिथंच. फ्रीजऐवजी चांगला आईसबॉक्स घ्या, देवगड-मालवणला मासळीसाठी बर्फाचे कारखाने आहेत, तिथनं बर्फ मिळतो. तो सरबतात घालायचा नाही हे आजोबांना आधीच सांगून ठेवा.

गॅसचं मात्र चेष्टेवारी नेऊ नका. पाच किलोची छोटी टाकी बास, उभी आणि पट्ट्यानं बांधलेली. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर वर नाही जात, खाली फरशीवर साचतो, म्हणून गाडीच्या तळाला वारा जायला भोकं पाहिजेत, नुसती खिडकी उघडून भागत नाही. झोपताना आणि गाडी चालू असताना टाकीवरनं बंद. मासे आत तळायचेच नाहीत, वास गादीत बसला की महिनाभर जात नाही, शेगडी बाहेर मांडा. घरनं कांदा-लसूण चटणी, भडंग, चपात्या, दोन दिवसांची भाजी न्या, बांगडा मात्र तिथल्या बाईनं तिरफळ घालून केलेलाच खा. मालवणला संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो, भाव करायला आपल्यातल्या सगळ्यात चिवट बाईला पुढं पाठवा.

गाडीतला संडास म्हणजे काढता येणारी टाकी, ती रोज कुणीतरी रिकामी करायची असते, ते कोण करणार हे कोल्हापुरातच ठरवा. आणि ती होमस्टेच्या संडासातच ओतायची, खाडीत किंवा कांदळवनात नाही.

डिझेल देवगड-जामसंडे, मालवण, वेंगुर्ला इथं भरत जा, अर्ध्याखाली काटा जाऊ द्यायचा नाही. रोख पैसे ठेवा, मॅप ऑफलाईन उतरवून ठेवा. रात्री कातळावर, सड्यावर उतरताना पायात बूट आणि हातात बॅटरी पाहिजेच, फुरसं हा साप या भागात भरपूर आहे, लहान असतो, वाळक्या पाल्यात दिसतच नाही. चावला तर १०८, सरळ सरकारी दवाखाना, तिथं लस असते, गावठी औषधात वेळ घालवायचा नाही. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला विशेष, तिथं समुद्राच्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवा.

जायचं कधी तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पत्र्याच्या गाडीत दुपार काढून बघा, आंबे घरी मागवलेले बरे. जून-जुलैला मासेमारी बंद, घाटात दरडी, विषयच नाही.

येताना सावंतवाडीवरनं आंबोली, आजरा, गडहिंग्लज असं या, भरलेल्या गाडीला हा चढ त्यातल्या त्यात सोपा जातो. कोल्हापुरात पोचल्यावर घरी जायच्या आधी वॉशिंग सेंटरला गाडी वर उचलून खालनं गोड्या पाण्यानं धुवून घ्या, नुसतं बॉडीला फोम मारून नाही, चेसिस, ब्रेक पाईप, सायलेन्सर सगळं, खारट हवेनं गंज तिथंच धरतो. पाण्याची टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवा, बॅटरी फुल चार्ज करून टर्मिनल पुसून व्हॅसलीन लावा, गाद्या गच्चीवर दोन उन्हं दाखवा. वाळू तरी पुढच्या दिवाळीपर्यंत निघत राहते, त्याला इलाज नाही.