पोरगं हुशार आहे का, हे कसं बघायचं

जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एकच विचारणा: "गुरुजी, आमचं पोरगं हुशार आहे का हो?"

मी उलट विचारतो, तुम्हाला काय वाटतं? "बोलायला लई तरबेज आहे," नाहीतर "कुणापुढं तोंडच उघडत नाही, मठ्ठच दिसतंय." म्हणजे निकाल जिभेवर! तेव्हा आधी बोलणं बाजूला काढा. त्याचं डोकं चाललेलं शेवटचं कधी दिसलं, तो प्रसंग आठवा. मोटर बंद पडली तेव्हा फ्यूज उडालाय हे त्यानंच ओळखलं, असं काही निघालं तर वहीत टिपून ठेवा. मार्क टिपू नका, ते प्रगतिपुस्तकात आहेतच.

मग एकच हिशेब दोन ठिकाणी घाला. आमच्या आठवडी बाजारात आईशेजारी बसणारी माझी एक विद्यार्थिनी होती. 40 रुपये किलोची वांगी, पाऊण किलो घेतली, शंभराची नोट दिली. मी पिशवी सावरेपर्यंत 70 रुपये परत. वर्गात फळ्यावर 40 गुणिले 3/4 लिहिलं, की खडू धरून उभी. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातही हेच दिसलं होतं. रस्त्यावर माल विकणाऱ्या 5 मुलांना संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले, 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तसलीच गणितं नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तर 37 टक्के. 1985 साली छापून आलंय हे. म्हणून गणित कच्चं म्हणण्याआधी तेच पैशात, लिटरात, गुंठ्यात विचारून बघा.

घड्याळ लावू नका. उत्तर चुकल्यावर तो तुमच्या तोंडाकडं बघतो की परत मोजतो, तेवढं बघा. माझा भरवसा यावरच जास्त.

राहिली बुद्ध्यांकाची चाचणी. मोबाईलवरच्या सोडून द्या. फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसात पहिली चाचणी केली ती शाळेत मागं पडणारी मुलं ओळखायला. पुढं आपल्याकडच्या व्ही. व्ही. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. पोरगं खरंच अडत असेल तर तज्ज्ञाकडून, त्याच्या घरच्या भाषेत करून घ्या. अहवाल आला की आकड्यावर थांबू नका, कुठल्या प्रकारच्या प्रश्नाला अडला ते विचारून घ्या आणि वर्गशिक्षकांना सांगा. सोयऱ्याधायऱ्यांना दाखवायची काही गरज नाही.