बातमीतून आणि रोजच्या जगण्यातून आध्यात्मिक बोध कसा घ्यावा

प्रथम घटना नीट समजून घ्यावी आणि मगच पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडावे. आधी वचन ठरवून त्याला साजेशी बातमी शोधली, तर दोहोंवर अन्याय होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या पुराने बेळगाव जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांना घर सोडावे लागले. अशा आपत्तीत ‘ही कोणाच्या पापाची शिक्षा?’ असा प्रश्न मनात आला, तर लूक १३:१-५ संपूर्ण वाचावे. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले १८ जण इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, असे विचारून येशू स्वतःच स्पष्ट नकार देतो आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन करतो. म्हणून बोध स्वतःला लावावा, पूरग्रस्ताला कधीही नव्हे. त्याला धान्य, अंथरूण आणि सोबत द्यावी. माझ्या मते या साऱ्या अभ्यासात याहून महत्त्वाचा नियम नाही.

रोजच्या जगण्यातही हीच रीत पाळावी. काम न मिळाल्याने दुपारपर्यंत चौकात ताटकळणारे मजूर दिसले, तर मत्तय २०:१-१६ वाचावे. तेथे तासभर राबलेल्यांनाही मालक पूर्ण दिवसाची मजुरी देतो. हा दाखला देवाच्या कृपेविषयी आहे, तरी तो वाचून आपल्या शेतातील मजुराचा हिशेब त्याच संध्याकाळी चुकता करावा.

सीमाप्रश्नाची बातमी वाचल्यावर मात्र राग ओसरेपर्यंत थांबावे, मग ख्रिस्ताने दोन समाजांमधील वैराची भिंत पाडली असे सांगणारे इफिस २:१४ वाचून मराठी, कन्नड आणि कोकणी बोलणाऱ्या बंधुभगिनींसाठी नावे घेऊन प्रार्थना करावी.