घरच्या घरी लाँच: नेटवर्क मार्केटिंगचा पहिला कार्यक्रम कसा करावा

नेटवर्क मार्केटिंग कंपनीचं किट घरात आलं की अपलाइनचा, म्हणजे ज्याने तुम्हाला या कंपनीत जोडलं त्याचा, फोन ठरलेला. ‘रविवारी होम मीटिंग लावा, पंधरा-वीस लोक बोलवा, प्लॅन मी दाखवतो. आणि कशासाठी बोलावताय ते फोनवर सांगू नका.’ यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकीचं ऐकायला हरकत नाही. ‘छोटा कार्यक्रम आहे, या ना’ असं म्हणून घरी नेलं, चहा दिला आणि मग माणसं जोडून कमाई कशी होते ते दाखवायला फळ्यावर गोल काढायला सुरुवात केली, हा अनुभव आपल्याकडे बहुतेकांच्या गाठीला आहे. त्यामुळे हेतू लपवलेल्या आमंत्रणाचा वास लोकांना लगेच येतो. एकदा आला की तुमचा हळदीकुंकवाचा निरोपही ते संशयाने वाचतात.

म्हणून हा कार्यक्रम दुकानाच्या उद्घाटनासारखा करायचा. काय विकतोय ते दारावरच लिहिलेलं, किमती समोर, ज्याला घ्यायचं तो घेईल.

आधी कागद, मग तारीख

कंपनीबरोबरचा लेखी करार हातात असल्याशिवाय कुणालाही बोलावू नका. करार शेवटपर्यंत वाचा. त्यात माल परत घेण्याची अट काय आहे, आणि ठरावीक मुदतीत आपल्याला दंड न भरता बाहेर पडता येतं का, हे पेन्सिलीने खूण करून ठेवा. पाहुण्यांपैकी कुणीतरी नेमकं हेच विचारतं. कंपनीचं भारतात नोंदणीकृत कार्यालय आहे का, वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन आहे का, तेही बघा. जॉइनिंगसाठी पैसे मागणारी किंवा महिन्याला अमुक रुपयांचा माल उचलाच म्हणणारी कंपनी असेल तर लाँचचा बेतच रद्द करा.

केंद्र सरकारचे ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम २८ डिसेंबर २०२१ ला आले. त्यांनुसार पिरॅमिड योजनेला मनाई आहे. मालाच्या विक्रीवर नव्हे, तर माणसं जोडण्यावर पैसे मिळत असतील, तर ती पिरॅमिड. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने आधीपासूनच बंदी आहे, आणि तो कायदा योजना चालवणाऱ्याबरोबर तिचा प्रचार करणाऱ्यालाही लागू होतो. हॉलमध्ये लोक बसवून अशा योजनेचा प्लॅन दाखवणं हा प्रचारच झाला.

सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार परवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. बायकोच्या नावावर विक्रेत्याचा आयडी काढायचा आणि प्रचार मात्र स्वतः करायचा, ही वाटसुद्धा त्या नियमांनी बंद केली आहे.

दिवस आणि वेळ

महिनाअखेरीला कंपनीचं क्लोजिंग, म्हणजे महिन्याच्या विक्रीचा हिशेब बंद करणं, असतं, त्यामुळे अपलाइन २७-२८ तारखेचा आग्रह धरतो. त्या वेळी पाहुण्यांचे खिसे रिकामे असतात. कार्यक्रम पाच ते बारा तारखेच्या दरम्यान ठेवा. पगार झालेला असतो, किराणा भरायचा असतो, नवीन काही घेऊन बघायची तयारी असते.

रविवारी दुपारी झोप असते, सकाळी घरकाम. संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ बहुतेक वस्त्यांत चालते. नळाला पाणी यायची वेळ तेवढी टाळा. पाणी आलं की अर्ध्या बायका उठून जातात आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस, पितृपक्ष, मोठी क्रिकेट मॅच हे सोडून द्या. संकष्टी असेल तर उपासाचं काहीतरी ठेवा.

कोणाला बोलवायचं

ट्रेनिंगमध्ये शंभर नावांची यादी करायला लावतात. यादी करा, पण बोलवा त्यातले पंधरा. येतील आठ-दहा, आणि हॉलमध्ये तेवढेच नीट बसतात.

यादीतून कोणाला वगळायचं याचा जास्त विचार करा. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, तुमच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांचे आईवडील, ऑफिसात तुमच्या हाताखाली असलेली माणसं, ज्यांनी तुमच्याकडून उसने पैसे घेतले आहेत ते. यांना ‘नको’ म्हणता येत नाही. त्यांनी घेतलेली बाटली ही विक्री नसते, भीड असते, आणि दुसरी बाटली ते घेत नाहीत. नुकतीच नोकरी गेलेल्या माणसाला ‘संधी’ म्हणून बोलावू नका. त्याला खरंच मदत करायची असेल तर दुसरे मार्ग आहेत.

भिशीचा ग्रुप मात्र चांगला. तिथे एकमेकींना तोंडावर ‘महाग आहे गं’ म्हणायची सवय असते, आणि पहिल्या कार्यक्रमात तुम्हाला तेच ऐकायला मिळायला हवं.

आमंत्रण

आधी फोन, मग व्हॉट्सॲप. निरोप साधारण असा असावा:

‘वहिनी, नमस्कार. मी अमुक कंपनीच्या घरगुती वस्तू विकायला सुरुवात केली आहे. रविवारी ८ तारखेला संध्याकाळी ५ ते ६ आमच्या घरी डेमो आहे: भांड्यांचं लिक्विड, फरशीचं क्लीनर आणि टूथपेस्ट. घ्यायलाच हवं असं काही नाही. येणार की नाही तेवढं शनिवारपर्यंत कळवा, म्हणजे खुर्च्यांचा अंदाज येईल.’

कंपनीचं नाव, वस्तू, वेळ आणि हेतू, सगळं त्यात आलं. हा नुसता चांगुलपणा नाही. विक्रीचं बोलणं सुरू करतानाच आपण कोण, कंपनी कोणती, माल काय आणि बोलण्याचा हेतू काय हे स्पष्ट सांगणं २०२१ च्या नियमांनी विक्रेत्याला बंधनकारक केलं आहे. यामुळे चार जण कमी येतील. येऊ देत. जे येतील ते माहिती असून येतील.

घरगुती विक्रीची ही पद्धत ज्यांनी गाजवली त्या टपरवेअरवाल्यांकडे बघा. अमेरिकेत १९५१ च्या सुमारास त्यांनी दुकानांतून माल काढून घेतला आणि फक्त घरच्या पार्ट्यांमधून विकायला लागले. भारतात ते १९९६ मध्ये आले. त्या पार्टीला जाणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असायचं की आज डबे बघायचे आहेत. कुणी तिला ‘वाढदिवस आहे’ म्हणून नेलं नव्हतं. आपल्याकडे हळदीकुंकवाला बोलावून वाणाच्या जागी कॅटलॉग हातात देण्याची जी टूम निघाली, ती नको.

घराची मांडणी

हॉल रिकामा करायला नको, प्रोजेक्टर नको, कंपनीचा बॅनर तर नकोच. खुर्च्या अर्धगोलात, मध्ये टीपॉय, त्यावर पाच-सहा वस्तू आणि मोठ्या अक्षरांत छापलेलं दरपत्रक. टीव्ही बंद. बेसिन जवळ असेल तर उत्तम, कारण डेमोला हात ओले होणार. सोसायटीत राहत असाल तर वॉचमनला पाहुण्यांची नावं आणि पार्किंगचं आधीच सांगून ठेवा.

टेबलावर सीलबंद बाटलीशेजारी तुमच्या स्वयंपाकघरातली अर्धी संपलेली बाटली ठेवा. जे स्वतः वापरलेलं नाही ते मांडूच नका.

खाण्याचा घाट घालू नका. आल्याबरोबर पाणी आणि थोडा चिवडा, डेमो संपल्यावर चहा. आपल्याकडे चहाचा कप खाली ठेवला की निघायचं असं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे, म्हणून चहा आधी दिला तर डेमोला बसणारे घड्याळाकडे बघत बसतात.

डेमो: सगळा जीव यात

एक तासातली निम्मी वेळ याला द्या. सकाळची तेलकट कढई मुद्दाम न घासता ठेवा. वाटीभर पाण्यात लिक्विड झाकणाने मोजून टाका, आणि कढई पाहुण्यांपैकीच एकीला घासायला द्या. शेजारी तुमची नेहमीची वडी आणि तशीच दुसरी तेलकट कढई. तुम्ही शांत राहा. ‘फेस कमी आहे, पण निघतंय’ हे वाक्य त्यांच्या तोंडून येऊ दे.

मग हिशेब मांडा. समजा ५०० मिलीची बाटली ₹२४० ला आहे आणि एका वेळी ५ मिली लागतं. म्हणजे शंभर वेळा, एका वेळचे ₹२.४०, दिवसातून दोनदा भांडी धरली तर बाटली ५० दिवस जाते. ‘तुमच्याकडे दहा रुपयांची वडी किती दिवस पुरते?’ असं विचारा आणि उत्तर त्याच कागदावर लिहा. कधी कधी वडीच स्वस्त निघते. निघाली तर तसं म्हणा. मग हाताला जळजळ होते का, वास कसा आहे, यावर बोला. किमतीत हरलेली वस्तू दुसऱ्या कारणासाठी विकली जाते.

दोन डेमो मात्र करू नका, अपलाइनने कितीही गळ घातली तरी. पहिला बेटाडीनचा. ग्लासभर पाण्यात बेटाडीनचे थेंब टाकून तपकिरी रंग आणतात, त्यात कंपनीची गोळी विरघळवतात, रंग नाहीसा होतो, आणि मग ‘शरीरातली विषं अशीच निघून जातात’ असं सांगतात. ही गोळीतलं व्हिटॅमिन सी आणि बेटाडीनमधलं आयोडीन यांची साधी रासायनिक क्रिया आहे. लिंबू पिळलं तरी तो रंग जातो. पाहुण्यांत विज्ञानाचे एखादे निवृत्त शिक्षक असले तर ते तुमच्याच स्वयंपाकघरातून लिंबू मागवून करून दाखवतील.

दुसरा वॉटर प्युरिफायरचा. नळाच्या पाण्यात दोन सळ्या सोडून वीज दिली की पाणी गढूळ, तपकिरी होतं. प्युरिफायरचं पाणी स्वच्छ राहतं. तो गाळ पाण्यातला नसतो, सळीच्या लोखंडाचा असतो. क्षार कमी असलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून तिथे काही घडत नाही. त्याच ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की तेही तपकिरी होतं.

आरोग्याच्या वस्तू असतील तर

प्रोटीन पावडर, ज्यूस, गोळ्या यांच्याबद्दल ‘शुगर गेली’, ‘गुडघे बरे झाले’ असं बोलायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला बोलूही द्यायचं नाही. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर, लठ्ठपणा अशा आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करायला मनाई करतो, आणि त्यात तोंडी जाहिरातही येते. फूड सप्लिमेंटच्या डब्यावर ते औषध म्हणून वापरायचं नाही असं छापलेलं असतं. ती ओळ वाचून दाखवा. ‘डॉक्टरांची गोळी बंद करू का?’ असं कुणी विचारलं तर उत्तर एकच: डॉक्टरांना विचारा.

अपलाइनचं भाषण

तो येणारच. आदल्या दिवशी फोन करून काय बोलणार ते विचारून घ्या आणि दहा मिनिटं द्या. दुबईच्या ट्रिपचे फोटो, चेकच्या झेरॉक्स, ‘नोकरी म्हणजे गुलामी’ हे तुमच्या घरात चालणार नाही, असं स्पष्ट सांगा. समोर बँकेतून निवृत्त झालेले काका बसलेले असतात, त्यांच्या तोंडावर नोकरीची टिंगल कशाला?

कमाईबद्दल विचारलंच तर खरं गणित सांगा. समजा दहा घरं दरमहा ₹८०० चा माल घेतात, म्हणजे ₹८,०००. त्यावर २० टक्के सुटले तर ₹१,६००, आणि त्यातून पेट्रोल, फोन, घरपोच फेऱ्या जायच्या. हे ऐकूनही ज्याला रस वाटेल त्याच्याशी दुसऱ्या दिवशी निवांत बोला. लाँचच्या दिवशी कुणाचंही जॉइनिंग करून घेऊ नका.

ऑर्डर

प्रत्येकाच्या हातात ऑर्डर फॉर्म आणि पेन द्या आणि तुम्ही चहा करायला आत जा. हे नाटक नाही. समोर उभं राहून बघत बसलं की माणूस लाजेने टिक करतो. फॉर्मवर किंमत, माल कधी मिळेल, आणि परत करायची मुदत लिहिलेली असावी. पैसे घेतले की पावती लगेच द्यायची, नणंद असली तरी. आणि मागणी येण्याआधी खोलीभर माल भरून ठेवू नका.

नंतरचे दिवस

त्याच रात्री आलेल्या सगळ्यांना आभाराचा एक निरोप, ज्यांनी काही घेतलं नाही त्यांनाही तोच. विचारल्याशिवाय कुणालाही ग्रुपमध्ये टाकू नका. ‘बघते’ म्हणालेल्यांना एकदाच फोन करा. माल पोचवायला जाताना आधी वेळ विचारा आणि कंपनीचं ओळखपत्र जवळ ठेवा. नियमही तसंच सांगतात. कुणी वस्तू परत केली तर वाद न घालता घ्या, पैसे द्या आणि कारण वहीत लिहा. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तो पाहुण्यांना तुम्हीच देऊन ठेवायला हरकत नाही.

वहीत दोन रकाने करा: कार्यक्रमाचा खर्च, आणि कोणाची बाटली साधारण कधी संपेल ती तारीख. वरच्या उदाहरणातली ५० दिवसांची बाटली असेल तर ४५ व्या दिवशी फोन करा आणि फक्त एवढंच विचारा, ‘वहिनी, लिक्विड कसं वाटलं?’ पुढचा डेमो अशाच एखाद्या वहिनींच्या घरी, त्यांच्या भिशीच्या दिवशी ठेवता येतो. मात्र त्यांच्या मैत्रिणींना आमंत्रण जाईल तेव्हा त्यातही डेमो आहे हे लिहायला सांगा.