गॅस पाइपलाइनमधलं पाणी लाइन आतून खातं: या चुका टाळा

नैसर्गिक वायूची लाइन आतून गंजू शकते असं म्हटलं की हमखास उत्तर येतं, "आपल्याकडे कॅथोडिक प्रोटेक्शन आहे ना!" पहिली चूक इथेच होते. कॅथोडिक प्रोटेक्शन, म्हणजे पाइपला सौम्य वीजप्रवाह देऊन गंज रोखणं, मातीला लागलेली बाहेरची बाजू सांभाळतं. आतल्या बाजूला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे शत्रू एकच, पाणी. कोरडा कार्बन डायऑक्साइड पोलादाला काही करत नाही, पण तोच पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं. हायड्रोजन सल्फाइड, ऑक्सिजन, जिवाणू यांनाही गंज चढवायला आधी पाणीच लागतं.

"आमचा गॅस कोरडा आहे"

कागदावर तो कोरडाच असतो. अमेरिकेतल्या बहुतेक करारांत दहा लाख घनफूट गॅसमागे ७ पौंड पाण्याची वाफ चालते, म्हणजे घनमीटरमागे साधारण ११२ मिलिग्रॅम. पण गॅस सुकवणारं डिहायड्रेशन युनिट काही तास बिघडलं तरी लाइनमध्ये पाणी शिरतं, आणि नंतर मीटरवर दवबिंदू (गॅसमधल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान) पुन्हा ठीक दिसला म्हणून ते पाणी लगेच नाहीसं होत नाही. त्याच युनिटमधून गॅस सुकवायला वापरलेलं ग्लायकॉल हे रसायन वाहून येतं, ते पाणी धरून ठेवतं. कॉम्प्रेसरचं तेल येतं. हायड्रोटेस्टनंतर (पाणी भरून केलेल्या दाबाच्या चाचणीनंतर) नीट न सुकवलेल्या लाइनमध्ये तर पहिल्या दिवसापासूनच पाणी असतं. म्हणून दवबिंदूचा आजचा आकडा पाहून थांबू नका. युनिट कधी आणि किती वेळ बिघडलं होतं, याची नोंद काढून बघा.

चुकीच्या जागी शोधणं

पाणी सखल जागी साचतं हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण गंजाचे खड्डे पुष्कळदा सखल जागा संपून चढ सुरू होतो तिथे सापडतात. वाहता गॅस तळाशी असलेल्या पाण्याला चढावर ओढत नेतो. चढ एका मर्यादेपलीकडे गेला की ही ओढ पुरत नाही आणि पाणी मागे घसरतं. ही मर्यादा गॅसचा वेग, दाब आणि पाइपचा व्यास यांवर ठरते. विहिरींचं उत्पादन घटलं, वेग कमी झाला, की कालपर्यंत पाणी निघून जात होतं अशा चढावरही ते थांबायला लागतं. प्रवाह बदलला तरी पाच वर्षांपूर्वीचंच गणित वापरणं ही फार महागात पडणारी चूक आहे. नदी आणि रस्त्याखालून जाणारे भाग, बंद पडलेल्या फांद्या, सहसा न उघडणारे बायपास, हे सगळं पुन्हा तपासायला हवं.

ड्रिपमधून काही येत नाही, म्हणजे सगळं ठीक

ही चूक मला सगळ्यांत जास्त सलते. ड्रिप म्हणजे लाइनच्या तळाला जोडलेला, द्रव गोळा करणारा भाग. महिनोन् महिने त्यातून काही निघालं नाही, तर दोन शक्यता असतात: एकतर लाइन खरंच कोरडी आहे, नाहीतर ड्रिपचं तोंड गाळाने चोंदलंय. दुसरी शक्यता कुणी पडताळून पाहत नाही.

१९ ऑगस्ट २००० रोजी पहाटे न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅडजवळ पेकॉस नदीकाठी ३० इंची गॅस लाइन फुटली. आग ५५ मिनिटं पेटलेली होती. पुलाखाली तंबू टाकून राहिलेली १२ माणसं गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसलं की ड्रिप अर्धवट चोंदला होता. काही द्रव त्याला ओलांडून पुढे गेलं आणि पाइपच्या वाकामुळे झालेल्या सखल जागी साचलं. तिथे पाइपची जाडी ७२ टक्क्यांपर्यंत खाल्ली गेली होती. त्या भागातून क्लीनिंग पिग (गॅसच्या दाबाने लाइनमधून ढकलत नेलेले, आतली घाण काढणारे बोळे) जाऊ शकले असते आणि प्रत्येक फेरीनंतर गाळ-पाणी पूर्ण बाहेर काढलं असतं, तर गंज बहुधा इतका वाढला नसता, असंही मंडळाने नोंदवलं.

ड्रिप रिकामा करताना लॉगबुकात नुसतं "ड्रेन केलं" लिहू नका. किती लिटर, कोणत्या रंगाचं, गाळ होता का, हे लिहा. आधीच्या आकड्यांपेक्षा एकदम कमी निघालं, तर ड्रिप साफ करून घ्या. आणि वासावरून काही ओळखायला जाऊ नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. डिटेक्टर लावूनच जवळ जा.

पिग पाठवला, पण तयारी नाही

वर्षानुवर्षं पिग न गेलेल्या लाइनमध्ये पहिल्याच फेरीला कडक ब्रशचा पिग सोडला तर पुढचा गाळ ढिगासारखा दाबला जाऊन पिग अडकू शकतो. आधी मऊ फोमचा सोडा आणि काय बाहेर येतं ते पाहून पुढचा ठरवा. पिगपुढे येणारं सगळं द्रव टाकीत किंवा स्लग कॅचरमध्ये (एकदम आलेलं द्रव अडवणाऱ्या भांड्यात) मावेल का, याचा हिशोब आधीच करा, नाहीतर ते पुढच्या कॉम्प्रेसरवर जाऊन आदळेल. वेगही सांभाळा. पिग सुसाट गेला तर द्रवावरून घसरत जातो आणि तळाशी मागे पाणी ठेवतो.

लोक विसरतात ते हे: पिग भिंतीवरचा इन्हिबिटरचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या रसायनाचा, थरही पुसून नेतो. तुम्ही इन्हिबिटर सतत न देता ठरावीक वेळाने एकदम (बॅचने) देत असाल, तर पिगिंगनंतर तो पुन्हा द्यावा लागतो.

पिग बाहेर काढायचा रिसीव्हर उघडताना गाळ ओला ठेवा. त्यातलं आयर्न सल्फाइड सुकलं आणि त्याला हवा लागली की ते आपोआप पेट घेतं.

नमुना फेकून देणं

बाहेर आलेलं पाणी म्हणजे लाइनच्या आतली थेट खबर. ते टँकरमध्ये ओतून मोकळं होऊ नका. पीएच जागेवरच मोजा, कारण दाब गेला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि प्रयोगशाळेपर्यंत आकडा चढतो, पाणी आहे त्यापेक्षा सौम्य वाटतं. लोह, क्लोराइड आणि जिवाणूंची चाचणी करून घ्या. गंज मोजायची धातूची पट्टी (कूपन) किंवा प्रोब वरच्या बाजूने बसवून गॅसमध्येच लोंबकळत ठेवला असेल, तर तो वर्षभर चकचकीत राहील. तळाच्या पाण्याचं त्यावरून काहीच कळत नाही. तो पाइपच्या तळाशी, सहा वाजताच्या जागी हवा.