जुने गेम लिनक्सवर खेळायचेत? मग शनिवारपर्यंत एवढं उरका

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि गंगापूर रोड, सिडको, नाशिकरोडकडच्या ओळखीच्या मंडळींनी आपापल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून घ्यायला सुरुवात केली. मशीनला विंडोज 11 झेपत नाही, पण भंगारात द्यावं इतकं ते मेलेलंही नसतं. मिंट बसतं, ब्राउझर पळतो, पोरांचा अभ्यास होतो. मग कधीतरी घरातले बाबा आजूबाजूला कोणी नाही असं बघून विचारतात, “यावर तो डेव्ह चालेल का हो?” चालतो. डेंजरस डेव्ह चालतो, प्रिन्स ऑफ पर्शिया चालतो, एज ऑफ एम्पायर्सही चालतो. रविवारी मी ते बसवून देईन. पण मिसळ खाऊन थेट सीडी घेऊन माझ्याकडे आलात, तर अख्खी दुपार सीडी वाचण्यातच जाते. म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पहिलं काम माळ्यावरचं. सीडी शोधाच, पण नुसती सीडी आणू नका. तिचं कव्हर, आतली पुस्तिका, सीडी-कीचा चिकटवलेला कागद, असेल ते सगळं घ्या. पुस्तिकेचं काय काम, असं वाटेल. 1990 साली डॉसवर (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालणारी सिस्टीम) आलेल्या प्रिन्स ऑफ पर्शियात पहिली लेव्हल संपल्यावर बाटल्यांची एक खोली लागते. तिथे पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर विचारतात आणि त्या अक्षराची बाटली प्यायल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. त्या काळात कॉपी रोखण्याचे असेच उपाय होते. मूळ डॉसची आवृत्ती लिनक्सवर चालवलीत, तरी ती खोली चुकत नाही.

सीडी पुसायची ती मऊ, सुक्या कापडाने आणि मधून कडेकडे. गोल गोल पुसू नका. आडवा ओरखडा ड्राइव्ह बऱ्याचदा सावरून घेतो, पण ट्रॅकच्या दिशेने गेलेल्या ओरखड्यात सलग माहिती जाते. आजकालच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, तेव्हा यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा किंवा एमजी रोडला चक्कर मारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सीडीवरून इन्स्टॉल करत बसू नका, आधी तिची इमेज काढा, म्हणजे अख्ख्या सीडीची फाइलमध्ये उतरवलेली नक्कल. आणि इथेच बहुतेक जण आयएसओ या नेहमीच्या प्रकारची इमेज काढून मोकळे होतात. आयएसओत फक्त डेटा येतो. नव्वदीतल्या कितीतरी गेमचं संगीत मात्र त्याच सीडीवर, गाण्यांच्या सीडीसारखं, वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असायचं. 1996 च्या क्वेकचं संगीत असंच आहे. आयएसओ काढलीत तर गेम चालेल, पण संगीताशिवाय. ओळखायची युक्ती सोपी आहे. सीडी साध्या म्युझिक प्लेअरमध्ये उघडा. दुसऱ्या ट्रॅकपासून गाणी वाजली, तर आयएसओ नको, बिन आणि क्यू अशी फायलींची जोडी हवी. लिनक्सवर सीडीआरडीएओ हा प्रोग्रॅम सगळी सीडी उतरवून घेतो आणि त्याच्या सोबतच्या छोट्या टूलने क्यू फाइल तयार होते. सीडी खराब असेल आणि तिच्यावर डेटाच असेल, तर जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम लावा. ते आधी धड वाचता येणारे भाग उचलतं, मग बिघडलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि कुठवर आलो याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. रात्री लावून झोपा.

इमेज हातात आली की गेम कोणत्या काळातला आहे ते ठरवा. कव्हरवर डॉस लिहिलंय की विंडोज 95, डायरेक्टएक्सचा (गेमचं चित्र-आवाज सांभाळणारा विंडोजचा भाग) आकडा कोणता, हे पाहा. कव्हर हरवलं असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘फाइल’ ही कमांड गेमच्या ईएक्सई फायलीवर चालवा. नुसतं एमएस-डॉस असं उत्तर आलं तर तो डॉसचा, एनई आलं तर विंडोज 3 च्या जमान्यातला 16 बिटचा, पीई-32 आलं तर 32 बिट विंडोजचा. पुढचा सगळा रस्ता या उत्तरावर ठरतो, म्हणून ते कागदावर लिहूनच आणा.

लोक लिनक्स म्हटलं की लगेच वाईन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, उघडतात. माझं मत उलटं आहे: वाईन सगळ्यात शेवटी. आधी बघायचं की त्या गेमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम, कुणी नव्याने लिहिलंय का. डूमचा सोर्स कोड 1997 मध्येच खुला झाला, क्वेकचा 1999 मध्ये, क्वेक 3 चा 2005 मध्ये. त्यावरून बनलेली इंजिनं आजच्या मशीनवर, आजच्या रिझोल्यूशनला, काहीही खटपट न करता चालतात. मंकी आयलंडसारख्या पॉइंट-अँड-क्लिक गेमसाठी 2001 पासून स्कमव्हीएम आहे. ट्रान्सपोर्ट टायकूनसाठी ओपनटीटीडी, रोलरकोस्टर टायकून 2 साठी ओपनआरसीटी2. आपल्या प्रिन्सचंसुद्धा डॉसची आवृत्ती उलगडून एसडीएलपॉप नावाचं रूप तयार झालंय. यातल्या बहुतेकांना मूळ गेमच्या डेटा फायली लागतात, म्हणजे सीडीची इमेज वाया गेली नाही. ओपनटीटीडीला मात्र स्वतःची मोफत चित्रं आहेत, त्याला मूळ सीडी नसली तरी चालतं.

एक बारीक गोम इथे ध्यानात ठेवा. लिनक्सला मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं वेगळी वाटतात. सीडीवरच्या फायलींची नावं सगळी कॅपिटलमध्ये आणि इंजिन शोधतंय लहान अक्षरांत, तर फाइल समोर असून सापडत नाही. मिंटच्या फाइल मॅनेजरमधून नावं बदलून टाका, किंवा जमत असेल तर टर्मिनलमधून सगळी एकदम. आणि इंजिन फ्लॅटपॅक (बाकी सिस्टीमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) म्हणून घेतलं असेल तर त्याला पेनड्राइव्ह आपोआप दिसेल असं धरू नका. फ्लॅटसील हे परवानग्या बदलायचं ॲप घालून त्या फोल्डरची परवानगी द्या.

गेम डॉसचा असेल आणि नवं इंजिन नसेल, तर डॉसबॉक्स, म्हणजे डॉसच्या जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम. हे 2002 पासून चाललंय. आज नव्याने बसवायचं तर डॉसबॉक्स स्टेजिंग घ्या, सोयीचं आहे. होममध्ये ‘डॉस’ नावाचा एक फोल्डर करा, त्यात प्रत्येक गेमचा वेगळा फोल्डर, आणि नावं आठ अक्षरांच्या आत ठेवा. डॉसला लांब नावं कळत नाहीत. तो फोल्डर डॉसबॉक्समध्ये सी ड्राइव्ह म्हणून माउंट करायचा, म्हणजे जोडायचा, आणि क्यू फाइल डी ड्राइव्ह म्हणून. गेमच्या सेटअपमध्ये आवाजाचं विचारलं की साउंड ब्लास्टर 16 निवडा, पत्ता 220, आयआरक्यू 7, डीएमए 1. हे आकडे डॉसबॉक्सचे ठरलेले आहेत, अंदाजपंचे काही टाकू नका. गेम फार पळायला लागला तर कंट्रोल-एफ11 ने वेग कमी, कंट्रोल-एफ12 ने जास्त. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल-एफ10.

डेव्हवाल्यांसाठी खास. डेंजरस डेव्हमध्ये कंट्रोल म्हणजे बंदूक आणि आल्ट म्हणजे जेटपॅक. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर कंट्रोल, आल्ट आणि डावा-उजवा बाण एकत्र दाबले की वर्कस्पेस बदलतं. म्हणजे जेटपॅक लावून गोळी झाडायला जावं, तर बोटं कधी एकत्र पडतात कळत नाही आणि डेव्ह हवेत असतानाच पडदा सरकतो. गेम खराब आहे, कीबोर्ड खराब आहे, लिनक्सच खराब आहे, असं सगळं बोलून होतं. कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट आधीच काढून टाका. नाहीतर डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ1 ने मॅपर (बटणांची कामं बदलायची खिडकी) उघडतो, तिथे आल्टचं काम दुसऱ्या बटणाला द्या.

आता वाईन. 1993 पासून हे काम चालू आहे आणि आता ते चांगलंच मुरलंय. वाईन म्हणजे विंडोजची नक्कल करणारं आख्खं मशीन नव्हे. गेमने विंडोजकडे मागितलेली गोष्ट ते लिनक्सकडून करवून घेतं. जुने गेम 32 बिटचे, म्हणून पॅकेज मॅनेजरमधून वाईनचे 32 बिटचे भाग आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचेही 32 बिटचे भाग बसवून ठेवा. ड्रायव्हरचं लोक विसरतात आणि मग काळी खिडकी बघत बसतात. एक मजा अशी की 16 बिटचे इन्स्टॉलर 64 बिट विंडोजवर उघडतच नाहीत, पण वाईनमध्ये बऱ्याचदा उघडतात. विंडोज सोडून आल्याचा हा फायदा मला नेहमी गमतीचा वाटतो.

प्रत्येक गेमला स्वतःचा प्रीफिक्स द्या, म्हणजे स्वतःचा वेगळा सी ड्राइव्ह. एकाच प्रीफिक्समध्ये सगळे गेम कोंबले की एकासाठी बदललेली सेटिंग दुसऱ्याला बाधते. लुट्रिस किंवा बॉटल्स ही वाईन सांभाळणारी ॲप वापरलीत तर हे सोपं जातं. प्रीफिक्सचा मार्ग इंग्रजी अक्षरांत आणि जमल्यास स्पेसशिवाय असू द्या. ज्यांनी मिंट मराठीत लावलंय त्यांच्या होममधले फोल्डरही देवनागरी नावांचे असू शकतात. दिसायला छान, पण 1998 च्या गेमला ती नावं वाचता येत नाहीत आणि तो काही न सांगता बंद होतो.

वाईनच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी आधीच करा. व्हर्च्युअल डेस्कटॉप चालू करा, म्हणजे 640 बाय 480 मागणारा गेम अख्खा स्क्रीन उलटापालटा करणार नाही. आणि डिस्कवर जागा नाही अशी तक्रार आली तर विंडोज 98 निवडून पाहा. मोकळी जागा काही जीबीच्या वर असली की त्या काळच्या इन्स्टॉलरचं गणित चुकतं. 98 निवडल्यावर वाईन त्याला 2 जीबीच दाखवतं आणि त्याचं समाधान होतं. मधले व्हिडिओ काळे दिसले तर वाईनट्रिक्स या मदतनीस टूलमधून इंडिओ कोडेक (जुने व्हिडिओ उलगडणारा भाग) टाका. एका वेळी एकच बदल करा.

डीएक्सव्हीके हा वाईनचा जोडभाग डायरेक्ट3डीचं (डायरेक्टएक्सचा 3डी चित्रांचा भाग) काम वल्कन या नव्या ग्राफिक्स पद्धतीकडे वळवतो, पण त्याच्या नव्या आवृत्त्यांना वल्कन 1.3 लागतं. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपवर ते मिळत नाही. घाबरू नका, डायरेक्टएक्स 7-8 च्या गेमसाठी वाईनचा आपला ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स पद्धतीचा मार्ग पुरतो. स्टीम या ऑनलाइन गेम दुकानातून विकत घेतलेला गेम असेल तर यातलं काहीच नको, 2018 पासून तिथे वाईनवरच बेतलेलं प्रोटॉन आहे.

एका बाबतीत मात्र आशा ठेवू नका. सेफडिस्क या कॉपी रोखणाऱ्या संरक्षणाच्या सीड्या विंडोज 10 वरही चालत नाहीत, मायक्रोसॉफ्टनेच तो ड्रायव्हर काढून टाकला. वाईनमध्येही त्यांचा भरवसा नाही. असा गेम जीओजी या जुने गेम विकणाऱ्या वेबसाइटवर मिळतो का बघा. तिथल्या इन्स्टॉलरला डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नसतं आणि इनोएक्स्ट्रॅक्ट या टूलने तो लिनक्सवरच उलगडता येतो, म्हणजे स्कमव्हीएमला लागणाऱ्या फायलीही त्यातूनच निघतात. कुठूनतरी उतरवलेला क्रॅक पेनड्राइव्हवर घालून आणू नका, मी तो लावणार नाही.

येताना इमेजा बाहेरच्या हार्डडिस्कवर, कागदावर गेमचं नाव आणि ‘फाइल’ कमांडचं उत्तर, लॅपटॉपचा चार्जर, आणि माउस. टचपॅडवर एज ऑफ एम्पायर्स खेळता येत नाही. बॅटरी बसलेली असेल तर तसं आधी कळवा, इन्व्हर्टरच्या प्लगजवळची जागा ठेवतो. बाहेरचा ड्राइव्ह ज्यांना मिळाला नाही त्यांनी सीड्या शनिवारी संध्याकाळीच आणून टाका.