वयात येणाऱ्या मुलांना चांगल्या सवयी लावताय? या चुका टाळा

सकाळी तीन हाका मारूनही पोरगं उठत नाही, की आपल्या तोंडून निघतं, 'आळशी!' पहिली चूक इथेच होते. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा, कधी तर तास-दोन तास उशिरा स्रवतं. दहाला दिवा मालवला तरी डोळा लागत नाही, शाळा मात्र आपल्या वेळेवर भरते. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. ती पुरी झाली नाही की चिडचिड, गोडाची ओढ, खेळायचा कंटाळा हे मागोमाग येतंच. म्हणून आहार-व्यायामाआधी झोपेकडे बघा. सुट्टीच्या दिवशी तासभर जास्त झोपू द्या, पण दुपारपर्यंत नको, नाहीतर त्या रात्री पुन्हा तेच. संध्याकाळी कॉफी किंवा एनर्जी ड्रिंकही नको. पाचेक तासांनंतरही त्यातलं निम्मं कॅफीन शरीरात असतं.

दुसरी चूक मीही केली. मुलीचा फोन हिसकावून घेतला. त्याच रात्री पांघरुणाच्या कडेतून निळसर उजेड दिसला, जुना टॅब होता. मग सगळ्यांचे चार्जर बाहेरच्या खोलीत नेले, माझासुद्धा. 'अलार्मला फोन लागतो' हे तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेवलं. नियम घरातल्या सगळ्यांना एकच झाल्यावर तिची कुरबुर थांबली.

वजनावरून बोलणं मात्र अगदी चेष्टेतही नको. 'किती सुटलीस' हे वाक्य आपण विसरतो, ती विसरत नाही. मग एक तर चोरून खाणं, नाहीतर उपाशी राहणं. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हे कौतुकही त्याच वाटेला नेतं. मुलग्यांचंही तेच, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. बोलायचंच तर दम किती टिकतो, जिने चढताना कसं वाटतं, यावर बोला. मूल वारंवार जेवण टाळत असेल, जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जात असेल, वजन झपाट्याने उतरत असेल किंवा पाळी थांबली असेल, तर समजावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

परीक्षा आली की खेळ बंद, हेही चुकतंच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते. ती सलग हवी असं नाही. सायकल, नाच, भरभर चालणं, सगळं धरायचं. आठवड्यातून किमान तीन दिवस मात्र धाप लागेल असा, स्नायू आणि हाडांना ताण देणारा व्यायाम हवा, कारण हाडांची बहुतेक भरणी याच वयात होते.

एवढं करूनही मूल ऐकत नसेल, तर बहुधा आपण सगळं एकदम मागतोय. एकच गोष्ट घ्या, आणि ती कुठली ते त्यालाच ठरवू द्या.