जुनी ऑक्टाव्हिया कॉम्बी घ्यायला निघताय? आधी आरसीवरचा बोजा बघा

बेळगावात बसून जुनी स्टेशन वॅगन, म्हणजे मागं लांब डिकीची गाडी, शोधायची म्हणजे ती कोल्हापूर, सांगली नाहीतर पुण्यात सापडणार, हे धरूनच चाला. आपल्या देशात वॅगन मुळातच कमी खपल्या. टाटा इस्टेट, बलेनो अल्टुरा, इंडिगो मरिना आल्या आणि गेल्या. स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी मात्र अजून रस्त्यावर दिसते, आणि १.९ टीडीआय डिझेल इंजिन नीट ठेवलेलं असेल तर भरवशानं चालते. पेटी, तबला, पखवाज, वीणा आणि वर पाच माणसं घेऊन भजनाला जाणाऱ्याला यापेक्षा सोयीची गाडी मला तरी माहीत नाही. मागची सीट उभी असताना ५४८ लिटर जागा, पाडली की १५१२. पण गाडी येणार महाराष्ट्रातून आणि राहणार कर्नाटकात. म्हणून ही यादी कागदापासून सुरू करा.

पहिला कागद आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, आणि आरसीवर पहिली ओळ बघायची ती एचपीची, म्हणजे बँकेच्या बोजाची. फोनवर किंमत विचारण्याआधी गाडीचा नंबर मागून घ्या, एम-परिवहन अॅपवर घाला आणि फायनान्सरच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते वाचा. नाव असेल तर मालक हमखास म्हणणार, ‘कर्ज कधीच फिटलंय हो, दहा वर्षं झाली.’ फिटलं असेलही. पण कर्ज फिटणं वेगळं आणि आरसीवरून एचपी उतरणं वेगळं. हप्ते संपले की एचपी आपोआप उतरेल, असं लोक धरून चालतात. तसं होत नाही, त्यासाठी बँकेचं नाहरकत पत्र आणि बँकेची सही-शिक्का असलेला फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो. शेत घेताना आपण उताऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे का ते आधी बघतो, तसंच हे. फरक एवढाच की उतारा आपण दहा जणांना दाखवतो आणि आरसी कुणी उलटूनसुद्धा बघत नाही. माझ्या मागच्या गाडीला हे एकच बघायचं राहिलं आणि ती अख्खा पावसाळा दारात ताडपत्रीखाली उभी राहिली.

या वयाच्या गाडीला हा धोका जास्त, कारण कर्ज देणारी बँकच आता त्या नावानं उरलेली नसते. स्टेट बँक ऑफ म्हैसूर २०१७ साली स्टेट बँकेत गेली, सिंडिकेट बँक २०२० साली कॅनरात. सेंच्युरियन बँक ऑफ पंजाब तर २००८ मध्येच एचडीएफसीत विलीन झाली. आरसीवर जुनं नाव, खातं नव्या बँकेत, आणि अठरा वर्षांपूर्वीच्या कर्जाची फाइल कुठल्या शाखेत आहे ते काउंटरवरच्या माणसाला ठाऊक नसतं. हे सगळं मालकाच्या सहीनंच सुटतं, तुमच्या नाही. गाडीचे पैसे पोचल्यावर तो बँकेत तुमच्यासाठी किती वेळा जाईल, याचा विचार तुम्हीच करा. म्हणून एचपी आधी उतरवून घ्या, मग बोलणी. ‘एनओसीबरोबरच’, म्हणजे गाडी परराज्यात न्यायला आरटीओ देतं त्या नाहरकत पत्राबरोबरच, ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला नाही म्हणा. एचपी असेपर्यंत पुढचं काहीच हलत नाही.

मग आरसीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. कॉम्बीच्या बाबतीत ही पंधरा वर्षं कधीच उलटलेली असणार. नूतनीकरण झालंय का, आणि पुढची तारीख काय, ते बघा. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० वरून ५००० रुपये झाली, वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला त्याहून जास्त, शिवाय पर्यावरण कर वेगळा. मुदत संपलेली असेल तर हा खर्च मालकानं करायचा, तोही गाडी महाराष्ट्रात असतानाच.

एनओसी म्हणजे फॉर्म २८. ती नुसती ‘कर्नाटक’ अशी मिळत नाही, एका ठरावीक आरटीओच्या नावानं मिळते. बेळगाव शहर आणि खानापूरवाल्यांनी केए-२२ ची मागा. निपाणी-चिकोडीवाल्यांनी केए-२३, बैलहोंगलला केए-२४, गोकाकला केए-४९, अथणीला केए-७१. निपाणीच्या माणसानं बेळगावच्या नावाची एनओसी आणली तर परत कोल्हापूरची वारी ठरलेली. अर्ज भरताना शेजारी बसून ती ओळ डोळ्यांनी वाचा. त्याआधी मालकाचा आरटीओत नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आहे का तेही विचारा. ओटीपी त्यावर येतो, आणि जुन्या गाडीवर बहुधा जुना, बंद पडलेला नंबर असतो. आधी नंबर बदलून घ्यायला लावा. मालक वारलेला असेल आणि मुलगा गाडी विकत असेल तर गाडी आधी मुलाच्या नावावर होऊ दे. ‘वडिलांच्या सह्या करून ठेवल्यात’ असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन परत या.

ई-चलन बघा. चेसिस नंबरची पेन्सिलीनं छाप घ्या आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. बेळगावच्या आरटीओत इन्स्पेक्टर तेच बघणार आहेत, मग आपण आधी का बघू नये? गंजानं आकडा खाल्लेला असेल तर गाडी सोडा.

आता गाडी. कोल्हापूर-सांगलीकडची असेल तर २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै विसरू नका. दोन्ही वेळेला पंचगंगा आणि कृष्णा शहरात शिरल्या, महामार्गसुद्धा बंद पडला, आणि कित्येक गाड्या दिवसचे दिवस पाण्यात उभ्या होत्या. त्या धुऊन, वाळवून, सीट कव्हर घालून पुन्हा बाजारात येतात. वरून काही कळत नाही. पुढच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, आणि शेवटची वीतभर पट्टी बोटांनी चोळा. पुराची गाडी असेल तर तिथं गाळाची पिवळट रेघ असते आणि पट्टी कडक लागते, कारण धुणारा तिथवर पोचत नाही. सीटखालच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचा फोम, फ्यूज बॉक्समधल्या पिना, हेच बघा. कुठं ओला वास आला आणि वर अत्तराची बाटली टांगलेली दिसली तर बाकी काही तपासू नका. कागद कितीही चोख असले तरी वायरिंगमध्ये पाणी गेलेली गाडी घरात आणायची नाही.

वॅगनचं वेगळं बघायचं ते सगळं मागच्या बाजूला. डिकीचं दार वर करा आणि हात सोडा. ते स्वतःच्या बळावर राहिलं पाहिजे. खाली येत असेल तर गॅसचे दांडे गेलेत, तो खर्च किरकोळ. खरा त्रास बिजागरीजवळ आहे. छतातून दारात जाणाऱ्या वायरींवर एक काळा रबरी पाइप असतो. तो एका टोकानं हळूच सोडवा आणि आतल्या वायरी वाकवून बघा. दार हजारो वेळा उघडून मिटून त्यांची कातडी तिथंच तडकते, तांबं उघडं पडतं, मग मागचा वायपर, काचेचा हीटर, नंबर प्लेटचा दिवा, डिकीचं लॉक यातलं एकेक बंद पडत जातं. कुणी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली दिसली तर भाव त्या हिशेबानं करा. मागच्या काचेवर पाणी मारणारी नळीही त्याच वाटेनं जाते. ती निसटली की पाणी छताच्या कापडात उतरतं. म्हणून स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात हात घाला. कोरडा हवा.

आणखी एक. पुढून ही गाडी साध्या ऑक्टाव्हियासारखीच, त्यामुळं बंपर, हेडलाइट, बॉनेट जुन्या बाजारात मिळून जातं. पण मागची काच, मागचे दिवे, डिकीचं दार हे कॉम्बीचंच लागतं आणि सहजी मिळत नाही. मागून ठोकलेली गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका. सामान झाकायचा ओढणीचा पडदा आहे का, तेही बघा. तो गेला की गेला.

इंजिन थंड असताना सुरू करायचं. सकाळी पोचा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाला सांगा, उद्या येतो. काळा धूर थोडा चालेल, निळा नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललाच नाही असं समजा आणि गाडी आणल्या आणल्या पट्टा, टेन्शनर, वॉटर पंप सगळं एकदम नवं घाला. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. शक्य झालं तर आपला मेस्त्री स्कॅनरसह बरोबर न्या. एक दिवसाची मजुरी द्या, ती वाया जात नाही. ट्रायलला सपाट रस्त्यावर एक फेरी मारून समाधान मानू नका. चढ शोधा, चौथ्या गिअरमध्ये दाबा, टर्बो ओढतो का आणि क्लच घसरतो का ते कळतं. ही गाडी रोज वंटमुरीचा चढ चढणार आहे, आठवड्याला चोर्ला उतरणार आहे. खराब रस्त्यावर खिडक्या बंद करून पुढून खडखड येते का ऐका. सस्पेन्शनच्या आर्मचे बुश गेलेले असतात. मीटरच्या किलोमीटरवर विश्वास नको, पेडलचं रबर बघा. एसी, टायर, बॅटरी, पॉवर विंडो हे तुम्ही बघालच. दोन्ही चाव्या मागा.

पैसे. टोकन थोडंच द्या, आणि त्या आधी, पुन्हा एकदा, एम-परिवहन उघडून एचपी बघा. ‘बँकेला पत्र दिलंय’ याला किंमत नाही, ‘फॉर्म ३५ वर सही झालीय’ यालाही नाही. स्क्रीनवर फायनान्सरचा रकाना रिकामा दिसेल तेव्हाच एचपी उतरली. तोवर गाडी कितीही मनात भरली तरी किल्ली हातात घेऊ नका, कारण एकदा गाडी दारात आली की घाई फक्त आपल्याला उरते. मोठी रक्कम बँकेतूनच, आणि एनओसी हातात पडेपर्यंत थोडी राखून. फॉर्म २८ आणि मालकी बदलीचे २९, ३० यांवर मालकाच्या सह्या आपल्यासमोर. ताबा पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा, म्हणजे त्याआधीचं चलन आणि अपघात कुणाच्या माथी ते स्पष्ट राहतं.

गाडी इकडं आणल्यावर काही जण सुचवतील, ‘महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पाहुण्याच्या पत्त्यावर राहू दे की, टॅक्स कशाला भरतोस.’ करू नका. परराज्यातला नंबर बारा महिन्यांच्या वर चालवता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्येच आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी पत्ता बघते. मालकी बदलीचा अर्ज तीस दिवसांत, नव्या नंबरसाठी फॉर्म २७, आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स. तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर निघतो, म्हणून जुनं इन्व्हॉइस मिळालं तर सांभाळून आणा. गाडी इन्स्पेक्शनला न्यावी लागते. आरटीओच्या खिडकीवर कागद कन्नडमध्ये असतील. भरताना नाव आरसीवर जसं आहे तसंच, एका अक्षराचाही फरक नको.

विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करा. थर्ड पार्टी गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या नुकसानीची भरपाई नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, फरकाचे पैसे भरावे लागतील. तेल, सगळे फिल्टर, कूलंट बदला. नवा नंबर आला की एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबर प्लेट. जुन्या मालकाचा फास्टॅग त्यालाच बंद करायला लावा आणि नव्या नंबरवर नवा घ्या, नाहीतर हत्तरगी आणि कोगनोळी दोन्ही नाक्यांवर अडकाल.